मोरमठाची भिंत

नाशिकहून परतल्यावर जो भेटला त्याने द्राक्षं आणलीत का म्हणून विचारलं. काहींनी चिवड्याची चौकशी केली. शेजारच्या काकूंनी रामकुंडात डुबकी मारलीत ना, एवढं खात्रीसाठी विचारून घेतलं. मोरमठाबद्दल मात्र कुणी विचारलं नाही, कारण तो कुणाला ठाऊकच नाही. म्हणून मीच आपण होऊन सांगते.

मलाही तो ठाऊक झाला एका फोटोमुळे. मी चिपळूणच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होते. तीसेक वर्षांपूर्वी एका मासिकात पंचवटीतल्या या मठाचा रंगीत फोटो आला होता. लाकडी खांब, खांबांवर कोरलेले मोर आणि मागे सबंध भिंतभर रंगवलेली गोदावरी. नदीत नावा, काठावर झाडं, हरणं, बैलगाड्या, सिंहस्थाच्या स्नानाला निघालेली माणसं. मी ते पान कापलं, पुठ्ठ्यावर डकवलं आणि निवृत्त होईपर्यंत दर वर्षी आठवीच्या वर्गात उंच धरून सांगत आले, "दोनशे वर्षांपूर्वीचं चित्र आहे हे. रंग बघा कसे टिकलेत! नाहीतर तुमचे. शनिवारी रंगवलेलं सोमवारी ओळखू येत नाही." मासिकात दोनशे वर्षं असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. तो आकडा माझा. पण इतक्या वेळा सांगितल्यावर माझाच त्यावर विश्वास बसला होता.

ती भिंत एकदा डोळ्यांनी बघायची होती. यंदा माघात निघाले. आमच्या ह्यांचे गुडघे कुरकुरायला लागले म्हणून ते घरी राहिले आणि सोबतीला त्यांच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे आमच्या वन्संना, पाठवलं. वन्सं सत्तरीच्या, पायाने टणक आणि तोंडाने त्याहून टणक. चित्रांशी त्यांचं देणंघेणं नाही. बसमध्ये बसल्या बसल्या म्हणाल्या, "भिंत बघायला चिपळूणहून नाशिक? शालू, आपल्याकडे भिंती नाहीत का गं?"

तृतीया

बसमधून उतरलो सकाळी साडेसहाला आणि पहिला धक्का थंडीने दिला. कोकणातल्या माणसाला थंडी म्हणजे पंखा एकवर ठेवायचे दिवस. इथे बोलताना तोंडातून वाफ निघत होती. वन्संनी पिशवीतून स्वतःची शाल काढली, मग माझी शाल काढली, दोन्ही पांघरल्या आणि मला म्हणाल्या, "तुला चालण्याने ऊब येईल."

दुसरा धक्का वडापावचा. गाडीवर दोन सांगितले तर त्या माणसाने पावात बटाट्याची भाजी भरली आणि तो अख्खा पाव पिठात बुडवून कढईत सोडला! मी ओरडलेच, "अहो, पाव पडला तुमचा!" तो शांतपणे म्हणाला, "पडला नाही ताई, उलटा आहे तो. उलटा वडापाव. नाशिकला असाच." वन्संनी साशंक चेहऱ्याने एक घास घेतला आणि उरलेला उभ्या उभ्या संपवला. मग दुसरा मागवला.

सिंहस्थ जवळ आल्यामुळे सगळं शहर उकरून ठेवलेलं होतं. रस्त्यांना खड्डे नव्हते, खड्ड्यांनाच थोडा रस्ता होता. पंचवटीकडे नेणारा रिक्षावाला म्हणाला, "शहराचं लग्न निघालंय म्हणा ना ताई. मांडव घालेपर्यंत असंच चालायचं." त्याने आम्हाला तीन गल्ल्यांतून फिरवून शेवटी जिथे सोडलं, तिथून आमची धर्मशाळा पुन्हा चालत दहा मिनिटं होती.

संध्याकाळी गोदावरीवर गेलो. गोदावरी म्हटल्यावर मी केवढी तरी नदी मनात धरली होती. आमची वाशिष्ठी भरती-ओहोटीला कशी मोकळी पसरते. इथे नदी दगडी पायऱ्यांमध्ये चौकोनी कुंडांत बसवलेली, आणि तिच्या अंगाखांद्यावर सगळं गाव. एकीकडे मुंडण, एकीकडे पिंडदान, मध्येच कपडे धुणाऱ्या बायका, पलीकडे मोबाइलवर नातवाला नदी दाखवणारे आजोबा. आमच्याकडे नदीवर मेल्याचं काम असेल त्या दिवशी धुणं नेत नाहीत. इथे कुणाला कुणाची अडचण नव्हती. मी हबकून बघत राहिले. वन्सं भाजीबाजारात शिरल्या आणि तिथे त्याही हबकल्या. कोथिंबिरीची जुडी दोन्ही हातांत मावत नव्हती. "एवढ्यात आपल्याकडे दोन बारशी होतील," म्हणाल्या आणि काही कारण नसताना एक जुडी घेऊन धर्मशाळेत आल्या. रात्रभर खोलीला कोथिंबिरीचा वास.

चतुर्थी

मोरमठ शोधायला दीड तास लागला. पितळी भांड्यांचं दुकान आणि झेरॉक्सचं दुकान यांच्यामध्ये एक बुटका दरवाजा, दरवाज्यासमोर सात-आठ स्कूटर. दरवाज्यावर पाटी नाही. मी दोनदा त्याच्यावरून गेले होते. शेवटी भांडीवाल्याने आमच्याकडे न बघता हातातल्या तांब्याने दिशा दाखवली.

वाकून आत गेलो आणि मी मान वर केली ती तशीच राहिली.

सागवानाचे सोळा खांब. प्रत्येक खांबाच्या माथ्यावर चारी बाजूंनी मोर, आणि एकासारखा दुसरा नाही. एकाच्या चोचीत साप, एक मान वळवून स्वतःचा पिसारा बघतोय, एक पंखात डोकं खुपसून झोपलाय. कमानींवर वेली, वेलींत माकडं, माकडांच्या हातांत आंबे. छताला उलटं कमळ, त्याच्या पाकळ्या इतक्या पातळ कोरलेल्या की कडेने उजेड आल्यासारखा वाटत होता. लाकूड हाताळून हाताळून काळं झालं होतं. मधोमध मूळ पुरुषाची साधी दगडी समाधी आणि समाधीसमोर ती भिंत.

मी तीस वर्षं हातभर पुठ्ठ्यावर बघितलेली नदी तिथे खरोखर बारा-तेरा हात पसरलेली होती. हिरवा रंग पोपटाच्या पिसाचा, पाणी निळं नाही तर करडं, जसं ते खरंच असतं. माणसं वीतभर उंच, शेकड्यांनी, आणि प्रत्येकाचा चेहरा वेगळा. कुणाला ठेच लागलीये, कुणाचं मूल रडतंय, एक बाई डोक्यावरचं गाठोडं सावरत मागे वळून कुणाला तरी शोधतेय. मला रडू आलं. खोटं कशाला सांगू? खाली फरशीवर बसले आणि पुढचा तास-दीड तास उठले नाही.

मग हळूहळू एक गोष्ट खटकली. पुठ्ठा मी बरोबर आणला होता. त्यात नदी डावीकडून उजवीकडे वाहत होती. भिंतीवर ती उजवीकडून डावीकडे. मी वन्संना समजावून सांगितलं, "छापखान्यात फिल्म उलटी लागली की असं होतं."

वन्संनी पुठ्ठा हातात घेतला, समोर बघितलं. "मग हा साप धरलेला मोर कसा नाही उलटा झाला? तो दोन्हीकडे डावीकडेच आहे."

"वन्सं, यातलं तुम्हाला कळत नाही," मी म्हटलं.

मठाचे महंत पन्नाशीचे असावेत. भगवी कफनी, वर हातविणीचा स्वेटर, कानटोपी. मघापासून ते समाधीशेजारी वाती वळत बसले होते. आम्ही निघालो तसे उठून आले. "ताई, आपण कुठल्या?" मी चिपळूणच्या म्हटलं. "उद्या पंचमी. आरतीनंतर प्रसादाला इथेच या. नक्की या. अकराच्या आत." एवढं आग्रहाने बोलावलं की मला संकोच वाटला. आमची परतीची बस उद्या चारची होती, म्हणजे जेवून निघायला हरकत नव्हती. बाहेर पडल्यावर मी वन्संना म्हटलं, "बघा, अजून माणुसकी आहे." वन्सं म्हणाल्या, "एवढा आग्रह का करत होता पण?"

पंचमी

अकराला दहा मिनिटं कमी असताना आम्ही उंबऱ्यात होतो. आत गेले तर माझ्या पाटाभोवती रांगोळी! वन्संच्या नाही, फक्त माझ्या. महंतांनी मला हळदकुंकू देवविलं, अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला. वन्सं ते सगळं डोळे बारीक करून बघत होत्या. जेवण मात्र अगदी मनासारखं होतं. पंचमीचा केशरी भात, काळ्या मसाल्यातली वांग्याची भाजी, बाजरीची भाकरी आणि कढी. आमच्याकडे वांग्याला खोबरं लागतं, इथे तीळ आणि तिखट. डोळ्यांतून पाणी काढत मी दोनदा भाजी घेतली.

पंगतीत समोर एक म्हातारे गृहस्थ होते. धोतर, पांढरी टोपी, जाड चष्मा. ते ताटात बोटांनी चाचपून घास घेत होते. भाकरी दिसली तर कढी हुकायची, कढी सापडली तर भात. महंतांनी ओळख करून दिली. "हे निवृत्तीबाबा. सिन्नरचे. पेंटर आहेत." मी नमस्कार केला. ते म्हणाले, "दुकानाच्या पाट्या, ट्रकच्या मागची चित्रं, पोळ्याला बैलांची शिंगं. काय बी रंगवतो आपण."

जेवण झालं. हात धुतले. आणि महंतांनी माझ्यासमोर एक बादली आणून ठेवली.

बादलीत कालवलेला चुना होता. त्यावर आडवा ठेवलेला काथ्याचा कुंचला.

"करा ताई सुरुवात," महंत म्हणाले.

"कशाला?"

त्यांनी भिंतीकडे हात केला.

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा हातातला नारळ सुटून फरशीवर गडगडत गेला. मी म्हटलं, "ही भिंत? ह्या भिंतीला चुना?"

"हो. सिंहस्थाआधीच्या पंचमीला जुनी पुसायची, नवी काढायची. मूळ पुरुषांपासून चालत आलंय. लाकूड राहतं, भिंत बदलते."

माझं डोकं फिरलं. मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. दोनशे वर्षांची कला, तुम्हाला किंमत नाही, मी पुरातत्त्व खात्याला कळवीन, पेपरात देईन. शाळेत मागच्या बाकावर बसणाऱ्यांसाठी राखून ठेवलेला आवाज मी तिथे लावला. झेरॉक्सवाला दारातून डोकावून गेला. महंत शांतपणे ऐकत होते, आणि मी दम घ्यायला थांबले तेवढ्यात निवृत्तीबाबा म्हणाले, "बाई, दोनशे नाय. बारा."

"काय बारा?"

"बारा वर्सं. मागच्या सिंहस्थाला म्याच काढली ना ही."

मी भिंतीकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. खोटं बोलणारा माणूस दिसत नव्हता. तरी मी पिशवीतून पुठ्ठा काढला आणि वकिलाने पुरावा काढावा तसा त्यांच्यापुढे धरला. "मग हा तीस वर्षांपूर्वीचा फोटो कसा?"

त्यांनी पुठ्ठा चष्म्याला जवळजवळ चिकटवला आणि इकडून तिकडे सरकवत राहिले, कापडाचा पोत तपासावा तसे. मग एकदम चेहरा उजळला. "आरं, ही तर माझी पहिली! गुरू गेल्यावर एकट्यानं काढलेली. लय भीत भीत. बाई, वडाच्या झाडाखाली बैलगाडी हाय का?"

"आहे."

"पुढच्या बैलाचे पाय मोजा."

मी मोजले. पुन्हा मोजले. पाच होते. इतकी वर्षं, दर वर्षी तीन तुकड्या, आणि मी स्वतः कितीदा, कुणालाही पाचवा पाय दिसला नव्हता. वन्सं इतक्या मोठ्याने हसल्या की झोपलेला मोरही जागा झाला असता.

"गुरू असता तर फटका दिला असता," निवृत्तीबाबा म्हणाले. "पन बारा वर्सांनी पुसायची सोय व्हती. दुसऱ्या भिंतीत चारच पाय काढले. नदीबी फिरवली. ही तिसरी."

मी अजूनही अडून होते. म्हटलं, जरी बारा वर्षांची असली तरी अशी भिंत मी कुठे बघितलेली नाही, ती पुसायला माझे हात उठणार नाहीत. आणि मुळात मीच का? मी कोण?

आता महंत बोलले. "रंगाऱ्याने स्वतःचं काम स्वतः पुसायचं नाही, आणि मठातल्यानेही नाही. सुरुवातीला परगावचा माणूस लागतो. आणि तोही कुणीही चालत नाही. ज्याने बसून बघितलीये तोच. ताई, मी महिनाभर वाट बघतोय. येतात, मोराबरोबर फोटो काढतात, जातात. काल तुम्ही दीड तास बसलात. मी वेळ लावून बघत होतो."

म्हणजे आग्रहाचं कारण हे होतं. माझी चव बघून मला जेवायला घातलं होतं. वन्संनी माझ्याकडे बघितलं, पण मोठ्या मनाने काही बोलल्या नाहीत.

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर पुढच्या महिन्यातल्या पंचमीपर्यंत थांबायचं. तेव्हा कुणी सापडलं तर."

"मग थांबा की. घाई काय आहे?"

महंत वातींची परडी उगाचच सरळ करायला लागले. शेवटी निवृत्तीबाबाच म्हणाले, "घाई मला हाय, बाई. काचबिंदू हाय. मोतीबिंदू असता तर काढला असता. आता नळीतून बघितल्यागत दिसतं. तुमचं नाक दिसतंय, पन कान दिसत नाय. डाक्टर म्हनला, नळी बारीकच व्हत जानार. पुढच्या म्हयन्यात किती उरंल, सांगता येत नाय."

ते उठले. चाचपत भिंतीपाशी गेले आणि त्यांनी नदीवर तळहात ठेवला. "ही झाली माझी. बारा वर्सं लोकांनी बघितली. पन मनात एक हाय अजून. ब्रह्मगिरीपासून काढायची, पहिल्या थेंबापासून. ट्रष्टी म्हनतात, बाबा, तुम्हाला जमत नसंल तर छापील टाइल लावू. मी म्हनलं, एक पंचमी द्या. बाई, तुम्ही जुन्यासाठी माझं नवं अडवून धरताय."

हे वाक्य मला झोंबलं. मी भिंत वाचवायला उभी होते आणि समोर भिंत काढणारा जिवंत माणूस उभा होता, तो मला दिसतच नव्हता. मी लाजले. आणि तरीही माझी नजर भिंतीवर गेली. गाठोडंवाल्या बाईला अजून तिचं माणूस सापडलेलं नव्हतं.

"वन्सं, काय करू?" आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना चित्राबद्दल विचारलं.

वन्सं म्हणाल्या, "तुला बघायची होती, ती तू बघितलीस. त्यांना काढायची आहे."

मी पदर खोचला. कुंचला चुन्यात बुडवला. इतका जड असेल असं वाटलं नव्हतं. निवृत्तीबाबा म्हणाले, "मुखापासून सुरू करा. पाय आधी पुसले तर मानसं अडकून पडत्यात, असं गुरू म्हनायचा." मी एक चेहरा निवडला, सगळ्यांत कडेचा. कानावर हात ठेवून तान घेणारा एक भजनी. काल मी त्याच्या भक्तिभावाचं वन्संपाशी बरंच कौतुक केलं होतं. आता जवळून बघितलं तर हाताखाली काळं, चौकोनी काहीतरी.

"बाबा, हा काय करतोय?"

"कोन? त्यो कडंचा? मोबाइलवर बोलतोय. पुलावर रेंज नव्हती त्या येळी, म्हनून कान झाकलाय."

मला हसू आलं आणि त्या हसण्यातच हात उठला. पहिला पट्टा ओढला.

काहीच झालं नाही! चुन्याचं पाणी ओघळलं, पण माणूस जसाच्या तसा, उलट ओला होऊन जास्तच झळकू लागला. दुसरा पट्टा, तिसरा. गाठोडंवाली बाई, रडणारं मूल, हरणं, सगळी आत स्पष्ट दिसत होती. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मला वाटलं, चित्रच इतकं पक्कं आहे की चुना धरत नाही. मी वन्संना खूण केली. मग हात पुरेल तिथवर भराभरा मारत गेले. सुरुवात माझ्या हातून झाल्यावर उरलेली भिंत रोजाने आणलेले दोन गडी शिडी लावून मारत होते. कुणी चहा आणला. आम्ही भिंतीकडे पाठ करून खांबाला टेकलो आणि चहा प्यायलो. वन्सं निवृत्तीबाबांना विचारत होत्या, बैलांची शिंगं रंगवताना बैल हलत नाही का.

चहा संपवून वळले.

भिंत पांढरी होती. ओला असताना चुना आरपार दिसतो आणि वाळला की पांढरा होतो, हे मला माहीत असायला हवं होतं. घराला चुना लावताना लहानपणी कितीदा बघितलं होतं! नाशिकची ती कोरडी थंड हवा, अर्ध्या तासात सुकलं सगळं. माणसं गेली, नावा गेल्या, हरणं गेली. मधोमध नदीचा पुसट करडा वळसा तेवढा उरला होता. गडी म्हणाला, दुसऱ्या हातात तोही जाईल. आणि हे मी केलं होतं, चहा पिता पिता, कपाच्या कानाला धरून. मी खाली बसले.

गड्यांनी दुसरा हात मारला आणि निवृत्तीबाबांनी भिंतीवरून हात फिरवून तोही वाळल्याची खात्री केली. पंचमीलाच मुहूर्ताची पहिली रेघ ओढायची असते. जमिनीची रेघ, आडवी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिच्यावर सगळं चित्र उभं राहतं. त्यांनी वाटीत गेरू कालवला, समाधीला नमस्कार केला आणि डाव्या कोपऱ्यातून सुरुवात केली. म्हातारा काय चालला होता! हात कापत नव्हता, पाय अडखळत नव्हता. टोकाला पोचून त्यांनी कुंचला उचलला आणि तोंड आमच्याकडे केलं. त्यांना टोक दिसत होतं, सबंध रेघ दिसत नव्हती.

"कशी आली?"

"छान, छान बाबा," महंत लगेच म्हणाले. शिडीवरचा गडी म्हणाला, "एक नंबर."

रेघ मध्यापर्यंत ठीक होती. तिथून ती खाली घसरत गेली होती, टोकाला चांगली वीतभर. महंत फरशीकडे बघत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ह्या सगळ्यांना हे आधीपासून माहीत होतं. आणि मी एवढी मोठी नदी पुसून बसले होते.

"बाई," निवृत्तीबाबा म्हणाले, "तुम्ही शाळेत शिकवलंय म्हने. सरळ आली का?"

वन्संनी माझा हात दाबला. हो म्हण, असंच त्यांचं म्हणणं असावं. चारची बस होती, तीन वाजून गेले होते. हो म्हटलं असतं तर सगळ्यांचा निरोप घेऊन गोड तोंडाने निघता आलं असतं.

"नाही," मी म्हटलं. "मधल्या खांबापुढे खाली गेली. वीतभर."

निवृत्तीबाबा जागेवर उभे राहिले. मग त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला.

"दोन वर्सं झाली," ते म्हणाले. "बायको म्हनती छान, पोरगा म्हनतो छान, बुवा म्हनतात छान. गिऱ्हाईक पाटी घेऊन जातं आन पुन्हा येत नाय. मला कळत नाय का? पन चुकलं कुठं, ते कुनी सांगत नाय."

त्यांनी ओलं फडकं मागून घेतलं, रेघ पुसली आणि चाचपत डाव्या कोपऱ्यात परत गेले. मी उठून मधल्या खांबापाशी उभी राहिले. मी म्हटलं, "इथून मी सांगते. तुम्ही फक्त ओढा." ते निघाले. मी "वर, थोडं वर, आता असंच" म्हणत त्यांच्याबरोबर चालत गेले. ही रेघ दोन बोटं घसरली. पुन्हा पुसली.

तिसऱ्या वेळी कुंचला गेरूत बुडवताना ते थांबले. हळूच विचारलं, "बाई, तुमची गाडी किती वाजताची हाय?"

मी वन्संकडे बघितलं. त्यांनी खांद्याची पिशवी काढून समाधीच्या कट्ट्याला टेकवून ठेवली होती आणि वाती वळायला घेतल्या होत्या.

"तुम्ही रेघ ओढा," मी म्हटलं.

ती सरळ यायला पाच वाजले. वन्सं दुसऱ्या दिवशी एकट्या चिपळूणला गेल्या आणि मी घरी पोचले ते चैत्रात.